‘रिदम तेन्गोकू’मध्ये ताल का चुकतो: कान, हात आणि मधला उशीर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे मोबाईलवर एम्युलेटर (जुन्या यंत्रांचे खेळ फोनवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून, ब्लूटूथ इअरबड्स लावून ‘रिदम तेन्गोकू’ हा निन्टेन्डोचा तालाचा जपानी खेळ खेळताय. त्यातला कराटेवाला हा छोटा खेळ कसाबसा पार होतो, पण पहिल्या रीमिक्सपाशी, म्हणजे आधीचे छोटे खेळ एकत्र येतात त्या फेरीपाशी, गाडी अडते. जपानी येत नाही, त्यामुळे काय चुकलं हेही कळत नाही. आणि शेवटी विचारलंय, ‘माझ्या कानातच ताल नाही का? की खरा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स (ज्या हातातल्या यंत्रासाठी हा खेळ निघाला ते) घेतला तर फरक पडेल?’

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मध्येच जाता जाता लिहून गेलात: ‘मी नेहमी जरासा उशिराच दाबतो, लवकर कधीच नाही.’ मला तुमच्या कानाची काळजी वाटत नाही, ती याच वाक्यामुळे. ज्याला ताल सापडत नाही त्याच्या चुका दोन्ही बाजूंना सांडतात, कधी आधी, कधी नंतर. ज्याच्या चुका सतत एकाच बाजूला आणि तेवढ्याच अंतराने पडतात, त्याचा ताल नीट आहे. त्याच्यापर्यंत आवाज उशिरा पोचतोय, एवढंच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘रिदम तेन्गोकू’ ३ ऑगस्ट २००६ रोजी जपानात आला. ‘तेन्गोकू’ म्हणजे स्वर्ग. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स २००१ चा, आणि २००६ पर्यंत निन्टेन्डोचा डीएस येऊन दीड वर्ष उलटून गेलं होतं. सगळ्यांचं लक्ष दोन पडद्यांच्या नव्या यंत्राकडे असताना जुन्या यंत्रासाठी हा खेळ निघाला आणि जपानाबाहेर तो कधी विकायलाच आला नाही. कल्पना घेऊन निन्टेन्डोकडे गेले ते त्सुन्कू, म्हणजे ‘मॉर्निंग मुसुमे’ या गायिकांच्या गटाचे तेव्हाचे निर्माते. खेळ बनवणाऱ्यांमध्ये ‘वॉरिओवेअर’ या निन्टेन्डोच्या छोट्या-छोट्या खेळांच्या मालिकेवर काम केलेली मंडळी होती. तालावर खेळ करायचा तर आधी बनवणाऱ्यांच्या अंगात ताल हवा, म्हणून टीमने नाच शिकण्याचे धडेही घेतले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण खेळताना ती जाणवते. त्या काळचे बहुतेक संगीत-खेळ पडद्यावर सरकणारे बाण किंवा खुणा दाखवायचे आणि बाण रेषेवर आला की बटण दाबायला लावायचे. इथे बाण नाहीत. गाणं आहे, एक साधं चित्र आहे, आणि तुम्ही. अठ्ठेचाळीस छोटे खेळ, आणि बऱ्याच खेळांत फक्त ‘ए’ बटण.

म्हणूनच उशीर या खेळात जितका बोचतो तितका दुसऱ्या कुठल्या खेळात बोचत नाही. उड्या मारायच्या खेळात पाव सेकंद इकडेतिकडे झालं तर आपण नकळत जुळवून घेतो. इथे जुळवून घ्यायला दिसणारं काही नसतं.

आता आकडे बघा. मिनिटाला १२० ठोके पडणारं गाणं धरा. एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, अर्ध्याला २५०, पावाला १२५. साध्या ब्लूटूथ इअरबड्समध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे तुम्ही ऐकलेल्या ठोक्यावर अगदी अचूक बोट टेकवलंत, तरी खेळाच्या हिशेबात तो ठोका कधीच होऊन गेलेला असतो आणि तुम्ही जवळजवळ अर्ध्या मात्रेने मागे असता. त्यावर फोनचा स्वतःचा उशीर वेगळा, कारण एम्युलेटर आवाज आधी साठवतो आणि मग सोडतो. काचेवरच्या बटणाला तर खालीवर होणंच नाही, त्यामुळे बोट नेमकं कधी टेकलं हे बोटालाही नीट कळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. लहानपणी आठ वर्षं तबला शिकले आणि पुढे सहा वर्षं पुण्यात ढोल-ताशा पथकात ढोल वाजवला. पहिल्या वर्षी मला अगदी मागच्या रांगेत उभं केलं होतं. सरावाला मी जीव तोडून ताशा ऐकायची आणि त्याच्या बरोबर टिपरू मारायची, तरी दादा म्हणायचे, ‘मागची रांग ओढतेय.’ मला पटायचंच नाही. मग त्यांनी एकदा मला बाजूला रस्त्यावर उभं राहून पथक ऐकायला लावलं, आणि मागची रांग खरंच घसरत होती. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पुढचा ताशा आणि मागची रांग यांत तीस मीटर अंतर असेल तर आवाज पोचायलाच जवळजवळ ९० मिलिसेकंद लागतात. मागचे लोक ऐकून वाजवतात तेव्हा प्रत्येक जण स्वतःपुरता बरोबर असतो आणि रांग मात्र चुकीची असते. आमच्याकडे त्यावर उपाय असा होता की मागच्यांनी कानाने नाही, समोर वर गेलेल्या हाताकडे बघून ठोका धरायचा, कारण दिसायला उशीर लागत नाही.

या खेळात तो उपाय चालत नाही. कारण खेळ मुद्दामच डोळ्यांचा आधार काढून घेतो. त्यामुळे इथे एकच मार्ग उरतो, उशीरच काढून टाकायचा.

तुमचा उशीर किती आहे ते आधी तपासा. खेळाच्या मेन्यूत जा आणि बटण दाबत इकडून तिकडे फिरा. दाबल्याबरोबर टिक ऐकू येतो, की बोट उचलायला लागल्यावर? कानाला शंका वाटली तर इअरबड फोनच्या शेजारी टेबलावर ठेवा, दुसऱ्या फोनने जवळून व्हिडिओ काढा आणि सावकाश चालवून बघा. बोट काचेला टेकणं आणि टिक वाजणं यांत दिसण्याइतकी फट असेल तर निदान झालं. मग ब्लूटूथ काढा. तारेचे हेडफोन लावा, नसतील तर फोनचा स्पीकर. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये आवाजाचा बफर (आधी साठवून ठेवलेला आवाज) जितका कमी करता येईल तितका करा, आवाज फाटायला लागला की एक पायरी वर या. आणि तोच खेळ, समजा कराटेवाला, दहा वेळा खेळा. चुका अजूनही सगळ्या उशिराच्या बाजूला पडत असतील तर उशीर अजून शिल्लक आहे. चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या तर यंत्राचं काम संपलं, आता तुमच्या सरावाचं सुरू.

खरा गेमबॉय घ्यावा का, याचं उत्तर तुम्ही कुठे राहता, खिशात किती आहे आणि जुन्या वस्तूची देखभाल तुम्हाला आवडते का, यावर अवलंबून आहे. जपानातून मागवलं तर टपाल आणि कस्टम मिळून किंमत बरीच वाढते. पण घ्यायचंच ठरवलंत तर कुठलं यंत्र, याबद्दल माझं मत पक्कं आहे, कारण गेली बारा वर्षं मी जुनी हँडहेल्ड्स, म्हणजे हातात धरून खेळायची यंत्रं, उघडून दुरुस्त करते आणि या एका खेळासाठी मी चारही पर्याय वापरून पाहिले आहेत.

पहिली दिलासा देणारी गोष्ट म्हणजे गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला देशाचं कुलूप नाही. जपानी कॅसेट कुठल्याही देशाच्या यंत्रात चालते. मूळचा आडवा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स घेतलात तर त्याला हेडफोनची भोक असलेली जागा आहे, बटणं हाताला छान लागतात, पण पडद्याला स्वतःचा उजेड नाही. या खेळात ती अडचण वाटते तेवढी मोठी नाही, खिडकीशी बसून खेळता येतं. घडीचा एसपी (२००३) दिसायला सुंदर, पडद्याला उजेड, पण त्याला हेडफोनची साधी जागाच नाही. चार्जरच्या जागेत घालायचा वेगळा अडॅप्टर लागतो. ताल ऐकायच्या खेळासाठी मी तो पहिला पर्याय म्हणून सुचवणार नाही. मायक्रो (२००५) इवलासा, पडदा झकास, हेडफोनची जागा आहे, पण आता महाग आणि मोठ्या हातांना अवघड.

माझी शिफारस डीएस लाइट. २००६ मध्येच आलेला, खालच्या बाजूला गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटची खाच, पडदा उजळ, हेडफोनची जागा, आणि जुन्या बाजारात अजून सापडतो. चित्राभोवती थोडी काळी चौकट राहते, कारण गेमबॉयचं चित्र २४० बाय १६० चं आणि डीएसचा पडदा त्याहून मोठा. त्याने काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र जपा. डीएसआय आणि थ्रीडीएस ही नंतरची यंत्रं घेऊ नका, त्यांना ही खाचच नाही. विकणारा ‘डीएस’ म्हणाला की खालची बाजू दाखवायला सांगा.

कॅसेट घेताना नकलांपासून सावध. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर नीट पाहिलं तर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, छापलेले नाही, दाबलेले. उजेडात तिरकं धरलं की दिसतात. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेचा असतो. खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर, आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर ‘निन्टेन्डो’ लिहिलेलं डोकावतं. नकली कॅसेट खेळ सुरू करते, पण पुष्कळ नकला जतन केलेलं पुसून टाकतात. पस्तीस मेडल मिळवल्यावर ते पाहणं फार वाईट असतं.

आणि यंत्र जुनं घेतलंत तर ‘ए’ बटणाकडे आधी लक्ष द्या. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे त्याचा गेमबॉय घेऊन आला. तक्रार तुमचीच: ‘मी नेहमी उशिरा.’ ब्लूटूथ नाही, फोन नाही, खरं यंत्र, खरी कॅसेट. मी खेळून पाहिलं तर माझाही ठोका मागे पडत होता, मधूनच एखादा पूर्ण गळत होता. उघडलं. ‘ए’ बटणाच्या खाली राखाडी रबराचा एक तुकडा असतो, त्याच्या पोटाला छोटी काळी कार्बनची टिकली. बटण दाबलं की ती टिकली पाटीवरच्या दोन काळ्या पट्ट्यांना टेकते आणि दाबणं नोंदलं जातं. या मुलाच्या टिकलीवर आणि पट्ट्यांवर चिकट तपकिरी थर बसला होता, कधीतरी सरबत सांडलं असावं. हलकं दाबलं तर टेकूनही नोंद होत नव्हती, जोर लावल्यावर होत होती, आणि तो जोर पोचेपर्यंत ठोका निघून जायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलात कानात घालायची कापसाची काडी बुडवून पट्ट्या पुसल्या, टिकलीवरून मात्र फक्त एकदा हलकेच फिरवली, कारण घासलं तर कार्बन निघून येतो. दहा मिनिटं वाळू दिलं, जोडलं. त्याने तिथेच बसून तीन खेळ पार केले, आणि तिसऱ्याला मेडल मिळालं तेव्हा यंत्र मला दाखवायला उलटं धरलं. त्या दिवसापासून कुणी उशिराची तक्रार केली की मी कानाआधी बटण तपासते.

तर इथपर्यंतचं थोडक्यात असं: तुमच्या चुका एकाच बाजूला पडताहेत, म्हणून संशय आधी ब्लूटूथवर, मग फोनच्या बफरवर, खरं यंत्र असेल तर बटणावर. हे तीन दूर झाले की मग आपण कानाबद्दल बोलू. आणि बोलायला खूप आहे, कारण पहिला रीमिक्स फक्त उशीर काढून पार होत नाही.

त्याचं कारण दुसरी सवय. तुम्ही लिहिलंय, ‘मी चेंडू बॅटजवळ येईपर्यंत डोळे लावून बघतो.’ हीच ती. ‘स्पेसबॉल’ या खेळात अंतराळात एक फलंदाज उभा असतो, यंत्र चेंडू वर उडवतं आणि तुम्ही ‘ए’ दाबून टोलवायचा. थोड्या वेळाने चित्र लांब जायला लागतं. फलंदाज शेंगदाण्याएवढा होतो, मग मोहरीएवढा. चेंडू दिसेनासा होतो. डोळ्यांनी खेळणारा इथे हमखास चुकतो, आणि हे खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेलं आहे. चेंडू उडतानाचा आवाज आणि टोलवायचा क्षण यांतलं अंतर ठरलेलं असतं, साध्या फेकीला एक, उंच फेकीला दुसरं. ही दोन अंतरं अंगात बसली की पडद्यावर काय दिसतं याने फरक पडत नाही. मी शिकवताना पोरांना ‘स्पेसबॉल’ डोळे मिटून खेळायला लावते. पहिल्या दोन-तीन वेळा घाबरतात, चौथ्या वेळी बहुतेक जण उघड्या डोळ्यांपेक्षा चांगलं खेळतात.

‘क्लॅपी ट्रायो’ तर मला या सगळ्या खेळाचं सार वाटतो. तीन जण ओळीत उभे. पहिला टाळी वाजवतो, दुसरा वाजवतो, तिसरे तुम्ही. कधी संथ, कधी भरभर, पण पहिल्या आणि दुसऱ्या टाळीत जेवढं अंतर तेवढंच दुसऱ्या आणि तुमच्या टाळीत. दोन ठोके मिळाले की तिसऱ्याची जागा ठरलेली. इथे नवशिक्यांची चूक अशी की ते दुसरी टाळी ऐकून मग ‘आता माझी’ म्हणून हात उचलतात. ऐकून उत्तर देणं हे तालाचं काम नाही, त्यात माणूस कायम मागेच राहणार. पहिल्या टाळीलाच मोजायला सुरुवात करा आणि दुसरी टाळी आपलं मोजणं बरोबर आहे एवढंच सांगायला येते असं समजा. तबल्याचे गुरुजी समेबद्दल, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेबद्दल, हेच सांगायचे, सम आली म्हणून वाजवायची नसते, आपण समेवर जाऊन उभं राहायचं असतं.

तबल्यातली आणखी एक गोष्ट इथे थेट उपयोगी पडते, ती म्हणजे पढंत. आम्हाला कायदा (तबल्यातली एक बांधीव रचना) हातात बसायच्या आधी तोंडाने म्हणायला लावत. हाताने टाळी देत बोल म्हणायचे, पुन्हा पुन्हा, तबल्याला हात न लावता. तोंडात नाही ते हातात येत नाही, असं गुरुजींचं म्हणणं होतं. ‘रिदम ट्वीझर्स’ अगदी पढंतीसाठीच केल्यासारखा आहे. एका भाजीच्या तोंडावर एका आवर्तनात केस उगवतात, टिक, टिक-टिक, टिक. पुढच्या आवर्तनात चिमटा त्याच लयीत फिरतो आणि तुम्ही त्याच जागी केस उपटायचे. डोळ्यांनी केस मोजू नका. उगवताना तोंडाने म्हणा, ‘धा, तिट, धा’, किंवा तुम्हाला जे सुचेल ते, आणि पुढच्या आवर्तनात तेच बोल म्हणत बोट चालवा. बोल कुठलेही असोत, त्यांच्यातली रिकामी जागा तेवढीच राहिली पाहिजे. आवाज न करता म्हटलंत तरी चालेल, पण सुरुवातीला मोठ्याने म्हणा. घरचे बघतील, बघू देत.

आणि पाय. खुर्चीवर मांडी घालून खेळू नका. एक पाय जमिनीवर ठेवा आणि टाच ठोक्यावर पडू द्या. बोटाने खेळायचं पण ताल पायाकडे ठेवायचा. याचा मोठा फायदा मधल्या ठोक्यांना होतो, जिथे वस्तू ठोक्यावर न येता दोन ठोक्यांच्या मधोमध येते. पाय वर उचललेला असतो तोच तो मधला ठोका. पथकात आम्ही टोल (ठोका देणारी धातूची थाळी) ऐकत वाजवायचो. ढोल कितीही अवघड वळणं घेवोत, टोल आपला सरळ पडत राहतो. तुमचा पाय हा तुमचा टोल. जपानीत याला ‘नोरी’ म्हणतात, गाण्यावर अंग स्वार होणं. या खेळात तेच तपासलं जातं, बोटाचा वेग नाही.

आता पहिला रीमिक्स. त्यात पहिल्या टप्प्यातले पाचही खेळ, कराटे, चिमटा, कवायत, अंतराळातला चेंडू आणि टाळ्या, एकाच गाण्यात एकामागून एक येतात, आणि बदल न सांगता होतो. तुम्ही लिहिलंय, ‘खेळ बदलला की मी गडबडतो.’ गडबडणारच, कारण तुम्ही दर वेळी नवा खेळ ओळखायला जाता. चित्र ओळखून, नियम आठवून, मग बटण, एवढ्यात दोन ठोके जातात. माझी पद्धत वेगळी आहे. रीमिक्स आधी दोनदा नुसता ऐकते, हरले तरी चालेल, बोट ठेवायचंच नाही. पाय चालू. गाणं कुठे वळतं, कुठे थांबतं, हे कानात बसलं की मग खेळते. गाणं एकच आहे, चित्रं बदलतात. जो गाण्याच्या मागे जातो त्याला चित्र बदललेलं जवळजवळ कळतही नाही. पुढे तिसरा आणि पाचवा रीमिक्स गाऊन म्हटलेल्या गाण्यांवर आहेत, तिथे हे फारच सोपं पडतं, कारण शब्दांवर स्वार होता येतं.

आणि खूप अडलात तर खेळात एक दयाळू सोय आहे. एखाद्या खेळात तीनदा हरलात की कॅफेत जाऊन पुढे सरकता येतं. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः एक खेळ असा सोडून पुढे गेले आणि दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा तो सहज झाला, कारण मधल्या खेळांनी मला मधला ठोका शिकवला होता.

जपानी येत नाही याची काळजी तुम्ही वाटते त्यापेक्षा जास्त करताय. निकाल तीन प्रकारचा असतो. ‘यारिनाओशी’ म्हणजे पुन्हा करा. ‘हेइबोन’ म्हणजे साधारण, पार झालात. ‘हाय रेबेरु’ म्हणजे इंग्रजीतलं हाय लेव्हल, आणि मेडल फक्त याला मिळतं. अक्षरं ओळखायची खूण सांगते: पहिलं वळणदार अक्षरांत, दुसरं दोन जाडसर गुंतागुंतीच्या चिन्हांत, तिसरं सरळ काटकोनी रेघांत. दोन दिवसांत नजरेला बसतं. ‘स्पेस डान्स’मधले हुकूम मुळातच इंग्रजी आहेत, फक्त जपानी उच्चारात. कवायतीच्या खेळात ‘मिगी’ म्हणजे उजवं आणि ‘हिदारी’ म्हणजे डावं. ‘बॉन ओदोरी’ हा त्यांच्या उन्हाळ्यातल्या ओबोन सणाच्या नाचाचा खेळ, त्यात गाण्याचे शब्द खाली येतात आणि ‘पान’ आला की टाळी. पान, पान, पा-पान. हे बोलच आहेत, आपल्याला नवे नाहीत. अर्थ न कळताही आपण तबल्याचे बोल म्हणतोच की.

चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे, पण मी सुरुवातीला ते वापरू नका असं सांगेन. वाचायला शब्द मिळाले की डोळे पुन्हा कामाला लागतात, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे.

हे सगळं करूनही जुनं यंत्र परवडत नसेल तर एक वाट आहे. याच मालिकेतला थ्रीडीएसवरचा खेळ जपानात २०१५ मध्ये आणि बाहेर २०१६ मध्ये इंग्रजीत आला, त्यात गेमबॉयवरचे बरेच खेळ नव्या चित्रांत आहेत. फक्त थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, आणि थ्रीडीएसला देशाचं कुलूप आहे, म्हणून यंत्र आणि कॅसेट एकाच विभागाची आहे ना, हे विचारूनच घ्या. माझं मन अजूनही गेमबॉयच्या मूळ खेळावरच आहे. त्यातले आवाज यंत्राच्या मर्यादेमुळे थोडे खरखरीत आहेत, पण त्या खरखरीमुळे प्रत्येक ठोक्याची कडा स्पष्ट लागते, आणि कडा स्पष्ट असली की बोटाला जागा सापडते.

आज रात्री इतकंच करा. ब्लूटूथ बंद, तार लावा, पाय जमिनीवर, आणि ‘क्लॅपी ट्रायो’ डोळे मिटून पाच वेळा. रीमिक्सला हातही लावू नका. उद्या मला फक्त एवढं कळवा की तुमची टाळी लवकर पडतेय, उशिरा पडतेय, की दोन्हीकडे. त्यावरून पुढचं सांगते.